एका वाटीपुरता मिक्सर

तिला सगळे धाकटी म्हणत. वय चोपन्न, केस निम्म्याहून अधिक पांढरे, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, पण नाव धाकटीच. घरात एक थोरली होती. तिला अख्खी गल्ली ताई म्हणायची, म्हणून हिला दुसरं काही म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

धाकटी इस्पितळात शिवणकाम करायची. तळघरात, कपडे धुण्याच्या मोठ्या मशीनांच्या पलीकडे एक लांबट खोली होती, तिथे तिचं शिलाई मशीन. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, बटणं तुटलेले डॉक्टरांचे कोट, सगळं वरच्या मजल्यांवरून गाठोड्यांत यायचं आणि धड होऊन परत जायचं. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. कधीकाळी लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. ताईचे यजमान गेले आणि मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तेव्हा ताईनंच फोन केला होता. "दोघींनी दोन घरं कशाला करायची? ये निघून." धाकटी दोन बॅगा घेऊन आली ती कायमची.

ताई पोस्टात खिडकीवर बसायची. तिचा आवाज असा खणखणीत की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळायचं, आज मनिऑर्डरी होणार की नाही. निवृत्त झाल्यावर तोच आवाज घरात घुमायला लागला. भाजी अळणी झाली, दिवा मालव, दार ओढून घे. धाकटी एका कानानं ऐकायची आणि दुसऱ्यानं सोडून द्यायची. बरं चाललं होतं.

मग एका सकाळी केस विंचरताना ताईच्या हातातला कंगवा खाली पडला. ताई तो उचलायला वाकली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. उजवी बाजू गेली होती. तीन आठवडे इस्पितळात काढून ती घरी आली ती चाकांच्या खुर्चीत बसून. जीभ जड, शब्द अर्धे, आणि घसा असा बिघडलेला की साधं पाणीही गिळताना ठसका लागायचा.

इस्पितळात गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई होती. धाकटीनं मनातल्या मनात तिचं नाव गिळणंवाली ठेवलं होतं. तिनं धाकटीसमोर चमच्यात थोडं कालवलेलं खाणं घेतलं आणि चमचा उलटा केला. सगळं एकदम प्लेटमध्ये पडलं.

"हे असं पाहिजे. थेंबथेंब गळायला नको, चमच्याला चिकटून बसायला नको. आणि आत एकही गाठ नको, साल नको, दोरा नको. चुकून श्वासनळीत गेलं तर छातीत उतरेल."

"आणि खायला काय द्यायचं?"

"घरचं सगळं. भोपळा, गाजर, डाळ, भात, अंडं, मासा, सफरचंद. डब्यातली पावडर आहेच, पण नुसत्या पावडरीवर त्यांच्या अंगात ताकद येणार नाही. घरचं खाणं, पण एकदम गुळगुळीत."

गुळगुळीत म्हणायला सोपं. ताईच्या घरातला मिक्सर वीस वर्षांचा होता. रोज तीनदा चालवायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यातून जळक्या रबराचा वास आला आणि तो मुका झाला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, आत एकदा पाहिलं आणि परत लावलं. "हा आता फडताळात ठेवा आठवण म्हणून," तो म्हणाला.

तेव्हापासून चाळणी आली. सकाळी पाचला उठायचं, भाजी लगदा होईस्तोवर शिजवायची, चाळणीवर घ्यायची आणि डावाच्या पाठीनं दाबून दाबून खाली उतरवायची. एक वाटी भोपळ्याला वीस मिनिटं. डाळीला पंधरा. मग ताईला भरवायचं, त्याला पाऊण तास. प्रत्येक घासानंतर थांबायचं, गिळलं का ते गळ्याकडे बघायचं. मग शेजारच्या विणकामवाल्या काकूंना हाक मारायची, त्यांना संध्याकाळपर्यंत ताईजवळ बसवायचं, दुपारची वाटी त्यांच्याकडे द्यायची आणि कामावर पळायचं. संध्याकाळी तेच, उलट्या क्रमानं. सहा आठवड्यांत धाकटीच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं. सुई ओढायचा अंगठा तोच. चादरींच्या कडा वाकड्या यायला लागल्या.

एका रविवारी दुपारी तिनं वाटाणे शिजवले. ताईला वाटाणे आवडायचे. चांगले मेणासारखे मऊ झाले होते, बोटात धरले तर विरघळत होते. धाकटीनं चाळणीकडे पाहिलं. चाळणी भिंतीला टांगलेली होती, ओट्यापासून चार पावलांवर. ती चार पावलं त्या दिवशी तिच्यानं झाली नाहीत. तिनं वाटाणे पातेल्यातच डावानं घोटले, वरून थोडं गरम पाणी घातलं, चमचा उलटा करून पाहिला. पडलं नीट.

चौथ्या घासाला ताईचे डोळे मोठे झाले. आधी खोकला आला, मग खोकलाही येईना. चेहरा काळवंडला, डावा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. धाकटीनं तिला पुढे वाकवलं आणि पाठीवर थापा मारल्या, किती मारल्या ते तिला नंतर आठवेना. शेवटी एक घाणेरडा, ओला आवाज झाला आणि ताईच्या छातीवरच्या पंच्यावर नखाएवढं हिरवं साल पडलं.

धाकटीनं ताईचं तोंड पुसलं, पंचा बदलला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. रडू आलं नाही. नुसतं वाटलं, आता इथेच जमिनीवर आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

त्यानंतर ताईनं दोन दिवस तोंड उघडलं नाही. चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटायची. पावडर कालवून दिली तेवढी चार चमचे घेतली, तीही मान फिरवत. तिसऱ्या दिवशी धाकटीनं वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ताई, चुकलं माझं. मी कंटाळा केला."

ताईनं डाव्या हातानं तिच्या मनगटावर थोपटलं. मग जीभ ओढत ओढत म्हणाली, "स... सगळं... एक करू नकोस."

"काय एक करू नको?"

ताईनं वाटीकडे बोट दाखवलं. भात, डाळ, गाजर, सगळं एकत्र घोटून झालेला तो तपकिरी चिखल होता. ताईला भीती तर वाटत होतीच, पण त्याहून तिला या रंगाची शिसारी बसली होती. धाकटीला इतक्या दिवसांत हे सुचलंच नव्हतं. जिनं आयुष्यभर ताटात डावं-उजवं चुकू दिलं नाही, तिला आपण दिवसातून तीनदा हे भरवतोय.

त्याच संध्याकाळी तिनं भाच्याला, म्हणजे ताईच्या मुलाला, फोन केला.

"मावशी, तू आधीच सांगायचंस ना! मी पाठवतो. चांगल्यातला पाठवतो. तू काही बघू नकोस."

चार दिवसांनी खोकं आलं. ते आणणाऱ्या माणसानं जिन्यात दोनदा टेकवलं. आत फूड प्रोसेसर होता, सात पाती, तीन भांडी, पीठ मळायचा आकडा, संत्र्याचा रस काढायची टोपी आणि वाचायला चोपन्न पानांचं पुस्तक. विणकामवाल्या काकूंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "हा तर अख्ख्या लग्नाचा स्वयंपाक करेल गं."

पण धाकटीच्या घरात लग्न नव्हतं, एका माणसाची एक वाटी होती. तिनं भांड्यात वाटीभर भोपळा घातला आणि कळ फिरवली. घरघर अशी झाली की आतल्या खोलीत ताई दचकली आणि तिचा ठसका सुरू झाला. भोपळा एकदा उडाला आणि भांड्याच्या भिंतींना चिकटून बसला. पातं खाली मोकळंच फिरत राहिलं. तिनं झाकण काढून खरवडलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. सगळ्या घरातला भोपळा जमवून घातला असता तर कदाचित वाटला गेला असता. वर ते पातं, भांडं, झाकण, रबरी कडी, नळी, सगळं धुवायला पंचवीस मिनिटं. नाकापेक्षा मोती जड, ते हेच.

आठ दिवस तिनं भाच्याला सांगितलं नाही. तो रोज विचारायचा, "चालतोय ना मस्त?" आणि ती म्हणायची, "हो, हो." शेवटी एक दिवस कामावरून आली, चप्पलही न काढता खुर्चीत बसली आणि फोन लागल्याबरोबर म्हणाली, "बाळा, ते मशीन चांगलं आहे, पण आमच्या उपयोगाचं नाही. मला त्याचीच सेवा करावी लागते. आधी एक माणूस होतं, आता दोन झाली."

"मला वाटलं मोठं म्हणजे चांगलं असेल."

"अरे, तुझ्या मनात चांगलंच होतं. पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा. तुझ्याकडे चार माणसं आहेत."

"मग तुम्हाला दुसरा घेऊ का मावशी?"

"नको. आता मी स्वतः बघते. हात लावून."

शनिवारी तिची अर्धा दिवस सुट्टी असायची. निघताना तिनं पिशवीत एक डबा घेतला, त्यात शिजवलेले वाटाणे आणि गाजराचे तुकडे. दुसऱ्या डब्यात कोमट पाणी. आणि कागदात गुंडाळून आपली चाळणी. काकू बघतच राहिल्या. "बाजाराला चाललीस की सहलीला?"

पहिलं दुकान काचेचं होतं. तिथला तरुण विक्रेता तिला बघताच पुढे आला. "हजार वॉट, मावशी! दगड टाका, पीठ होईल."

"आमच्याकडे दगड कुणी खात नाही," धाकटी म्हणाली. "हे वाटाणे वाटून दाखवाल का?"

त्यानं डब्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यात बेडूक आणलाय. "तसं चालत नाही. शोरूम आहे हे."

दुसऱ्या दुकानात काठीसारखा, हातात धरून पातेल्यात फिरवायचा ब्लेंडर होता. स्वस्त, हलका, धुवायला सोपा. तिला तो एकदम आवडला. मालकानं हातात दिला, म्हणाला, "फक्त हे बटण दाबून धरायचं." तिनं दाबलं. दहा मोजेपर्यंत अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली. तिनं तो परत ठेवला, आणि ठेवताना वाईटही वाटलं, कारण दुसऱ्या कुठल्याही माणसाला तोच घे म्हणून तिनं सांगितलं असतं.

तोवर पाय भरून आले होते. तिसरं दुकान गल्लीच्या टोकाला, अरुंद, बादल्या आणि इस्त्र्यांमध्ये कोंबलेलं. गल्ल्यावर तिच्याच वयाची एक बाई पायाला पट्टी बांधून बसली होती. धाकटीनं विचारायच्या आधी डबा काउंटरवर ठेवला. आता नाही म्हणाली तर सरळ घरी जायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"हे वाटून बघायचंय. घेण्याआधी."

दुकानवालीनं डबा उघडून वास घेतला. "कुणासाठी?"

"बहिणीसाठी. तिला गिळता येत नाही."

दुकानवाली उठली, लंगडत मागे गेली आणि दोन मिक्सर घेऊन आली. एक मोठा, चकचकीत. दुसरा लहानसा, पांढरा, दिसायला अगदीच गरीब. "मोठ्यात वाटीभर घातलंत तर उडून बसेल," ती म्हणाली.

"माहितीय. एक घरी बसलाय."

"मग हा घ्या. याचं लहान भांडं बघा. पातं अगदी तळाशी आहे, आणि भांडं अरुंद आहे. थोडं असलं तरी पात्यात येतं. आधी पाणी घालायचं, मग भाजी. लोक उलटं करतात."

तिनं पाणी घातलं, वाटाणे घातले, झाकण लावलं, भांडं यंत्रावर ठेवलं आणि वरून तळहातानं दाबलं. दाबलं की फिरायचं, सोडलं की थांबायचं. धाकटीनं आवाजाकडे कान दिला. आवाज होता, पण भिंती हलवणारा नव्हता. मिनिटभरानं दुकानवालीनं भांडं उघडून पुढे केलं. धाकटीनं चिमूटभर घेऊन अंगठा आणि बोटामध्ये चोळलं. मग चाळणी काढली आणि काउंटरवरच, वर्तमानपत्र पसरून, ते गाळलं. चाळणीत सालांचा चुरा उरला. फार नाही, पण उरला.

"आहे अजून," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला.

"वाटाण्याचं साल आहे बाई, ते कुठल्याच मिक्सरला पूर्ण जात नाही. तो हजार वॉटवाला आणलात तरी. गाजर बघा, भोपळा बघा, ते लोणी होईल. वाटाणे मात्र गाळायलाच लागणार. पण वाटून गाळले तर दोन मिनिटांत उतरतील. मी हे तुम्हाला विकायचं म्हणून सांगत नाहीये, नाहीतर उद्या येऊन भांडाल."

गाजर खरंच लोणी झालं. चाळणीत काही राहिलं नाही. धाकटीनं तो लहान मिक्सर घेतला. दुकानवालीनं चाळणी स्वतः धुवून दिली.

घरी येताना तिला आनंद वगैरे झाला नाही. पिशवी जड होती आणि संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता.

पण त्या संध्याकाळी ताटलीत तीन वेगळे ढीग होते. केशरी गाजर, पांढरा मासा, हिरवे वाटाणे, तेही गाळलेले. तिन्हींसाठी तीनदा भांडं धुवावं लागलं होतं. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि ताटली ताईच्या डोळ्यांसमोर धरली. ताई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. गाजर सगळं गेलं. मासा निम्मा गेला. वाटाण्यांशी चमचा आला तेव्हा तिचे ओठ मिटले.

"नको?"

ताईनं मान हलवली. तिला ते अजून काही दिवस नकोच होते, आणि धाकटीनंही आग्रह केला नाही. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये.

एका सकाळी धाकटी ओट्याशी उभी राहून भांडं दाबत होती तेव्हा खुर्चीची चाकं मागे वाजली. ताईनं एका हातानं कशीतरी खुर्ची ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली होती.

"दे," ती म्हणाली.

"काय देऊ?"

"मी... दाबते."

धाकटीला आधी हसूच आलं. मग तिनं मिक्सर उचलून खालच्या स्टुलावर ठेवला, ताईच्या डाव्या हाताशी. ताईनं तळहात भांड्यावर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. मशीन घरघरलं. ताई दचकली नाही. आता तो आवाज तिचाच होता. तिनं हात उचलला, थांबलं. पुन्हा ठेवला, चाललं. धाकटीनं मिक्सर घेताना याचा विचारही केला नव्हता. तिनं तो घेतला होता कारण तो परवडत होता आणि भांडं लहान होतं.

त्या दिवसापासून वाटणं ताईकडे गेलं. धाकटी शिजवायची, भांड्यात भरायची, धुवायची, दाबणं ताईचं. आणि दाबणं हातात आलं तसं बाकीचं राज्यही हळूहळू आलं. "पाणी... जास्त." "गार... झालंय." "मीठ!" मीठ हा शब्द तर ती अगदी स्वच्छ म्हणायची. शब्द अर्धे होते, पण हुकूम पूर्ण होते. धाकटी चिडायची. "तू नुसती दाब गं, बाकीचं मी बघते." काकू दारातून म्हणाल्या, "झालं, पोस्ट उघडलं." पण आता सकाळी पाचऐवजी पावणेसहाला उठायचं हे धाकटीला जमायला लागलं होतं, आणि त्या पाऊण तासाच्या झोपेसाठी ती आणखी पुष्कळ हुकूम ऐकायला तयार होती.

रोज काही चांगलं चाललं असं नाही. एकदा ताईला ताप आला आणि आठवडाभर पुन्हा पावडरीवर काढावा लागला. एकदा धाकटी झाकण नीट न लावता भांडं ठेवून बसली आणि भोपळा पार दिव्यापर्यंत उडाला. पुसायची ताकद नव्हती म्हणून तो डाग तसाच राहिला. स्वतःसाठी वेगळं शिजवायचा कंटाळा यायचा, तेव्हा ती ताईच्याच ताटलीतलं उरलेलं चमच्यानं खायची. दात धड असून तेच खायचं. पण ते खाऊन तिचंही पोट बरं राहायला लागलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी तपासणीसाठी दोघी इस्पितळात गेल्या. धाकटीनं तळघरात एक तासाची रजा सांगितली आणि ताईची खुर्ची ढकलत तिसऱ्या मजल्यावर नेली. गिळणंवालीनं ताईचं वजन घेतलं, ते तीन किलोनं वाढलं होतं. मग तिनं घशावर बोटं ठेवून ताईला वेगवेगळं गिळायला लावलं, मऊ केळं काट्यानं कुस्करून दिलं आणि टक लावून बघत बसली. ताईनं गिळलं. ठसका लागला नाही. पुन्हा दिलं, पुन्हा गिळलं.

"आता सगळं वाटायची गरज नाही," गिळणंवाली म्हणाली. "काट्यानं कुस्करलेलं, मऊ, ओलसर चालेल. साली आणि दोरे मात्र नकोतच. हळूहळू पुढे जाऊ. घरी कुणी केलं हे सगळं?"

ताईनं डावा हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग जरा थांबून, धाकटीकडे.

बाहेर व्हरांड्यात भिंतीला लागून एक लाकडी बाक होतं. धाकटीनं खुर्ची त्याच्या शेजारी लावली, चाकांना ब्रेक लावला आणि बाकावर बसली. लोक फाइली घेऊन येत-जात होते. कुठेतरी कुणाचं नाव पुकारत होते. तिनं डोकं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. आनंद व्हायला हवा होता, तो होताही कुठेतरी. पण आधी थकवा येऊन बसला होता, त्याला उठवून आनंदाला जागा करून देण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

"चल," ताई म्हणाली.

"थांब गं जरा."

"तुला... काम..."

"आहे. थांब. दहा मिनिटं."

ताई काहीतरी बोलणार होती. तिनं धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलली नाही. डाव्या हातानं तिनं आपल्या मांडीवरची शाल ओढली, अर्धी धाकटीच्या गुडघ्यांवर टाकली, आणि समोरच्या रांगेकडे बघत गप्प बसून राहिली.